तिसऱ्या कडव्यातली ओळ

आषाढी पौर्णिमा जवळ आली की माहेरच्या विहारात चुन्याची बादली निघते. भिंतींवर हात फिरतो, कपाटातल्या पांढऱ्या साड्या डांबरगोळ्यांचा वास घेऊन बाहेर येतात, आणि तीन महिने रोज ग्रंथ कोण वाचणार यावरून बायकांमध्ये लाडिक कुरबुर सुरू होते. वर्षावास लागला. बाहेर भातरोपांच्या आवणीची घाई, गुडघाभर चिखल, आणि दिवेलागणीला विहाराच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग. त्यातली आपली छत्री शोधता शोधता निम्मं गाव एकमेकांची खुशाली विचारून घेतं.

मी मुरबाडला दिलेली. माहेर किन्हवलीच्या पुढचं. सरळगावला उतरायचं, दुसरी गाडी पकडायची, आणि तिथून पुढे गाडीवाल्याच्या मर्जीवर. पण वर्षावासातली एकही पौर्णिमा मी चुकवत नाही. यंदाही आठवडाभर आधीच दादांचा फोन आला.

"पुनवेला येतेस ना गो?"

"येते की."

"येताना तुजी ती हत्यारं आन."

हत्यारं म्हणजे एक बारीक पेचकस, चिमटा, आरशाचा तुकडा आणि तळहाताएवढा वजनकाटा. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून उगाच भांडी घासायला घेतली. गेल्या वर्षीचा सगळा वर्षावास डोक्यात भरभरून आला.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन कर्णे, एक मशीन, बॅटरी आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. शेणव्यापासून मुरबाडपर्यंत कुठे हळद असो, जयंती असो, दादा सायकलीवर कर्णे बांधून हजर. लग्नात पोरं नाचायला लागली की टेबल हलायचं, टेबल हललं की सुई उडायची, आणि सुई उडाली की नवरदेवाचा मामा अंगावर धावून यायचा. त्यावर आमच्याकडच्या सगळ्या स्पीकरवाल्यांनी एक तोडगा काढला होता. सुई जिच्यात बसते त्या दांडीच्या डोक्यावर डिंकानं एक नाणं चिकटवायचं. वजन पडलं की सुई खाच सोडत नाही. खाली धरणीकंप झाला तरी गाणं चालू. जेवढं मोठं नाणं तेवढा माणूस धंद्यात पक्का, असा तेव्हा हिशेब होता. दादांचं नाणं सगळ्यांत मोठं.

त्या पेटीतली एक रेकॉर्ड आमच्या घरची होती. गावातल्या गायन पार्टीला मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं एकदाच बोलावलं होतं. बुवा मुख्य गायक, मागे चारपाच जणांचा कोरस. कोरसात दोन बायका, एक यशोदाकाकू आणि दुसरी माझी आई, सुमन. तिसऱ्या कडव्यातल्या एका ओळीला बुवांचा दम पुरेना. दोनतीनदा खोकले, घसा धरून बसले. तेव्हा तिथला माणूस म्हणाला, ही ओळ बाईंना म्हणू द्या. आई पुढे झाली आणि म्हणाली, "माझ्या लेकीच्या हाती, पाटी आली गं पाटी." एवढंच. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. दादा हे सांगायचे तेव्हा दर वेळी त्या माणसाच्या अंगावरच्या सदऱ्याचा रंग बदलायचा, पण आईची ओळ मात्र कधी बदलली नाही.

मग काय, प्रत्येक हळदीला तीच फर्माईश. दादा ऐटीत लावायचे. संपली की परत लावायचे. आई मात्र घरी कधी ऐकायची नाही. ओट्यावरून म्हणायची, "बंद करा ओ ते. जिवाला कंटाळा नाय येत का?" आता वाटतं, तेव्हा कोणी तिला म्हणायला लावायला हवं होतं, समोर बसवून, नीट. पण घरात माणूस असताना त्याचा आवाज सांभाळून ठेवावा असं कोणाच्या डोक्यात येतं? आमच्या तर नाही आलं.

आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. धंदा त्याच्या आधीच बसला होता. कॅसेटी आल्या, मग सीड्या, मग ट्रॉलीवरचे डीजे. दादांनी कर्णे विकले. माझा भाऊ विजय वाशिंदला राहतो, त्यानं मुंबईच्या जुन्या बाजारातून एक बरी रेकॉर्डची मशीन आणून दिली, तेवढाच विरंगुळा म्हणून. दादांनी त्या चांगल्या मशीनवरही आपल्या पद्धतीनं सुई बसवली आणि पहिल्याच दिवशी वर नाणं चिकटवलं. विजयनं कपाळाला हात लावला.

तेव्हापासून वर्षावासाच्या प्रत्येक पौर्णिमेला तेच. सकाळी विहारात वंदना, घरी येऊन खीर, आणि खिरीची वाटी हातात असताना ती रेकॉर्ड. आधीची दोन कडवी कोणी ऐकायचं नाही, बोलणं चालू असायचं. तिसरं लागलं की चमचे थांबायचे. आवाज अगदी किरटा, खरखरीत, कोणी लांबच्या शेतातून हाक मारावी तसा. शब्द कळायचे नाहीत. आम्हाला ते ठाऊकच होते, त्यामुळे अडत नव्हतं. ती ओळ गेली की दादा खीर संपवायचे.

गेल्या वर्षी आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दादांनी मशीन पुसायला घेतली आणि पंच्याचा धागा सुईत अडकला. टोक गेलं. मी पोचले तेव्हा ते ओट्याला टेकून बसले होते आणि तर्जनीनं दांडीच्या डोक्याखाली चाचपत होते, पुन्हा पुन्हा, जणू टोक तिथंच कुठेतरी लपलंय.

"हाताला लागत नाय गो," ते म्हणाले. मला त्यांची इतकी कणव आली, की मी तिथल्या तिथे म्हणून टाकलं, "मी बसवते नवी. काळजी करू नका."

आता माझा तोरा काही अगदीच फुकाचा नव्हता. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. साहित्य जागेवर लावणं हे माझं पोटापाण्याचं काम. तराजूचा काटा मधोमध आल्याशिवाय मी पोरांना वजनं उचलू देत नाही. म्हटलं, सुई ती काय, दोन स्क्रू तर पिळायचे. कसलं काय! पुढचे दोन महिने त्या दोन स्क्रूंनी माझ्या नाकी नऊ आणले.

नवी सुई कुरियरनं मुरबाडला आली. आत एवढीशी डबी, डबीत एवढंसं टोक, ते बघायला चष्म्यावर भिंग धरावं लागे. ती कशी बसवायची ते मी फोनवर व्हिडिओ बघून शिकले. एक टकला गोरा गृहस्थ तासन् तास समजावून सांगायचा, निम्मं डोक्यावरून जायचं. पण एक गोष्ट पक्की कळली. रेकॉर्डची खाच म्हणजे दोन भिंतींची चिंचोळी घळ असते, आणि आवाज त्या भिंतींवर कोरलेला असतो. जुनी सुई जिथे घासली तिथली भिंत झिजते. पण नवी, वेगळ्या घडणीची सुई त्याच भिंतीला जरा खाली टेकते. तिथे कोणी कधी पोचलेलंच नसतं. तिथला आवाज कोराच्या कोरा असू शकतो.

हे ऐकून मला शनिवारपर्यंत धीर धरवेना. मी तशीच गाडी पकडून गेले आणि दादांना सांगितलं. म्हटलं, आई तिथे असेल, खाली, जिथे आपली सुई कधी गेलीच नाही. दादांनी रेकॉर्ड काढून उजेडात तिरपी धरली. मग म्हणाले, "सबूत हाय म्हन तिथं?" सबूत म्हणजे अख्खी. मी म्हटलं, असायला हरकत नाही.

श्रावण त्यातच गेला. दर शनिवारी कॉलेज सुटलं की सरळगाव, तिथून किन्हवली, पिशवीत पेचकस. बाहेर भात हिरवंगार झालेलं, पडवीत करटोल्यांचा ढीग, आणि मी खिडकीशी मशीन ओढून एक डोळा मिटून बसलेली. नाणं काढून टाकलं होतं; आता दांडीच्या मागचं वजन फिरवून सुईचा भार जुळवायचा. इतका हलका भार, की काट्यावर फुंकर मारली तरी आकडा बदलायचा. दादा पंखा बंद करायचे, दार लोटायचे, आणि स्वतःचा श्वाससुद्धा धरून बसायचे. मी म्हणायचे, "दादा, श्वास घ्या हो. तुमच्या श्वासानं नाही हलत." तरी घ्यायचे नाहीत.

त्यात त्या कागदाचा घोळ. सुई नेमकी कुठे टेकायला हवी, तिचं तोंड कुठे हवं, हे दाखवणारा एक कागद असतो, त्यावर दोन ठिपके आणि आडव्या-उभ्या रेघा. तो किन्हवलीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. दोन शनिवार त्या कागदाबरहुकूम जुळवाजुळव केली, आणि गाणं मात्र आधीपेक्षा वाईट. बुवा नाकातून गायला लागले. शेवटी कागदाच्या कडेला छापलेल्या मापाला मी माझी कॉलेजची फूटपट्टी लावली, तर ते माप आखूड. दुकानात जाऊन जाब विचारला.

"ताई, कडा कापल्या जात होत्या," तो म्हणाला. "म्हणून पानात बसवून दिलं. चांगलं नीटनेटकं आलंय की."

त्याचीही काय चूक? त्याच्याकडे सात-बारा आणि आधारकार्डं छापायला येणाऱ्या लोकांना सगळं पानात बसलेलंच हवं असतं. मी पुन्हा छापून घेतलं, या खेपेला शेजारी फूटपट्टी ठेवून.

विजय एकदोन रविवार आला. मोबाइलची बॅटरी धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, किती टाइम घालवतेस? सगळी गाणी फोनवर हायेत." मी म्हणायचे, हे नाही. तो बॅटरी पुन्हा नीट धरायचा. त्यालाही माहीत होतं की हे नाही. आमच्यापैकी एकानंही इतक्या वर्षांत ती ओळ फोनवर धरून ठेवली नव्हती. दर पौर्णिमेला वाजणारी गोष्ट, ती धरायची कशाला? इतर कोणाकडे ती रेकॉर्ड आहे का, तेही विचारून झालं. कोणाची पावसात वाकली होती, कोणाची पोरांनी फोडली होती. यशोदाकाकूंची एक वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या खुराड्याच्या भोकावर ठोकलेली होती, ती मी जाऊन पाहिलीसुद्धा.

त्या दोन ठिपक्यांची गंमत मला तेव्हा कळली. दांडी एका जागी खिळलेली असते आणि अर्धगोल फिरते, आणि खाचा तर बाहेरून आत जात लहान लहान होत जातात. त्यामुळे सुई सगळीकडे सरळ बसूच शकत नाही. फक्त त्या दोन ठिपक्यांवर ती अगदी बरोबर असते. बाकी सगळा प्रवास थोडी थोडी चुकलेली. कितीही जीव तोडून बसवा, आपण फक्त ती चूक कमी त्रासाच्या ठिकाणी ढकलू शकतो. आणि सगळ्यात जास्त त्रास शेवटाला, आतल्या बाजूला, जिथे खाचा दाटीवाटीनं वळतात. आईची ओळ तिथेच होती, अगदी कागदी लेबलाच्या जवळ. मी एक ठिपका तिच्या ओळीवर आणून ठेवला. बुवांचं पहिलं कडवं चुकलं तर चुकू दे.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला सगळं जुळलं. सकाळची वेळ, नुकती वंदना आटोपलेली, दादांच्या अंगावर पांढरा सदरा. मी सुई टेकवली आणि आम्ही दोघंही दचकलो. इतका स्वच्छ आवाज त्या घरानं कधी ऐकलाच नव्हता. बुवा श्वास घेत होते तो श्वास ऐकू येत होता. मागे कोणीतरी बूड हलवून नीट बसलं, तेही आलं. दादा खुर्चीत पुढे सरकले. "किसन्याची अंगठी गो," ते म्हणाले, "ढोलकीवर वाजते बघ. त्येला बुवा सांगायचा, काढ ती, काढ ती." आणि हसले. मी त्यांना कित्येक वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. दुसरं कडवं. कोरसातला एकेक माणूस वेगळा काढता येत होता. 

तिसरं कडवं आलं. ढोलकीनं ठेका दिला. आणि मग काही नाही. सुपात तांदूळ पाखडावेत तशी नुसती सरसर, एका ओळीपुरती. त्यातून ढोलकी स्वच्छ चाललेली. मग कोरस उठला आणि गाणं संपलं.

दादा वाट बघतच होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सुमन कुठं गेली?"

मी परत लावली. परत तेच. ढोलकी, सरसर, कोरस.

बारीक, उंच आवाज खाचेतून सगळ्यात आधी पुसला जातो, त्यात आतल्या अंगाला, त्यात भाराखाली. नव्या सुईलासुद्धा खाली काही सापडलं नाही. नाणं तिथपर्यंत पोचलं होतं. हे मी मनात जुळवत होते तोवर दादांनीच विचारलं, "नान्यानं खाल्ली ना?"

मी म्हटलं, "जुनी झाली हो रेकॉर्ड. प्लास्टिकच ते."

"नाय," ते म्हणाले. "मीच वाजवली. सगल्या गावांत मीच वाजवली." मग रेकॉर्डकडे बोट करून, "मंग इतकी वर्सं आपन काय ऐकत होतो गो?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण देण्यासारखं नव्हतं. झिजलेली वाकडी सुई, वरून तो भार, खरवडलेली खाच. त्या सगळ्यातून बाजाच्या पेटीचा एखादा फाटका सूर निघत असेल, किंवा नुसतं घासणंच. त्याला आम्ही आई म्हणत होतो. मीसुद्धा. मला तर शपथेवर सांगता आलं असतं की त्यात तिचा तो 'पाटी'वरचा झोका होता. मी ऐकलाय तो. अजूनही मला वाटतं की ऐकलाय.

दुपारी खीर तशीच राहिली. दादा आतून बाहेर आले आणि अगदी साधं सांगितलं, "पयल्यासारखं कर."

"म्हणजे?"

"पयलं होतं तसं. वाकडं तर वाकडं."

मला वाटलं होतं, हे तरी सोपं असेल. नाणं पुन्हा चिकटवलं. दांडीचं डोकं तिरपं केलं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. भार वाढवला. आवाज खराब झाला, हवा तेवढा झाला, बुवांचं पार वाटोळं झालं. पण त्या जागी ती किरटी हाक काही आली नाही. बरोबर बसवायला कागद मिळतो, आरसा मिळतो, टकला गृहस्थ मिळतो. दादांनी अंदाजानं केलेली ती एक चूक कोणत्या कागदावर शोधू? शिवाय ती सुईच गेली. वर्षानुवर्षं त्याच खाचा घासून तिचं टोक ज्या आकाराचं झालं होतं, तो आकार आता कुठे मिळणार? मी अगदी हात टेकले.

एका शनिवारी यशोदाकाकूंकडे गेले. म्हटलं, तुम्ही शेजारी उभ्या होतात, निदान चाल तरी सांगा, मी दादांना म्हणून दाखवेन. काकू भातशेताच्या बांधावर गवत कापत होत्या. विळा बाजूला ठेवून पदरानं तोंड पुसलं, डोळे मिटले, शब्द म्हटले. नुसतेच शब्द आले. पुन्हा म्हटले. बुवांची चाल लागली, आईची नाही.

"नाय येत गो," त्या म्हणाल्या. "ती म्हनायची तवा आमी गप बसायचो. मग आमाला कशी येनार?"

त्यांना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी मला गवताबरोबर निघालेल्या दोन काकड्या दिल्या. मी त्या घेऊन बांधावरून परत आले. भात निसवायला लागलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, सगळीकडे तो दुधाळ वास होता, आणि मला चालताना रडू येत होतं.

अश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात ग्रंथ वस्त्रात बांधून ठेवला, गावजेवण झालं. दादांनी रेकॉर्ड लावायला सांगितलं नाही. मला वाटलं, सुटले. त्यांनी मान्य केलं असेल. हिवाळ्यात, उन्हाळ्यात विषय निघाला नाही. मशीनवर फडकं टाकलेलं होतं. मी मनात म्हटलं, माणूस शेवटी समजून घेतोच.

आणि गेल्या आठवड्यात तो फोन.

काल आषाढी पौर्णिमा झाली. वंदनेहून येताच दादांनी मशीनवरचं फडकं काढलं, खुर्ची ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मी दांडीचं डोकं केसभर तिरपं केलं आणि लावली. त्यांनी तिसऱ्या कडव्यापर्यंत डोळे मिटून वाट पाहिली, आणि मान हलवली. "नाय. जरा आत घे." मी घेतलं. लावली. "नाय." चार वेळा झालं, पाच वेळा झालं. प्रत्येक खेपेला खाचेतून बारीक काळी धूळ निघत होती, ती मी मऊ ब्रशनं टिपत होते. किसनच्या अंगठीचा आवाजही मला आता आधीसारखा टणक वाटेना.

शेवटी मी पेचकस खाली ठेवला. "दादा, सारखी सारखी लावली तर उरलंय तेसुद्धा जाईल हो."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, रेकॉर्डकडे बघत राहिले.

"काय उरलंय?" ते म्हणाले. "लाव."

मी लावली.